करंटवर तर चालते, तुमचं काय जातंय?

गाडी घेतली की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. कितीला पडली, रोख घेतली का फायनान्सवर, आणि ॲव्हरेज काय देते. पहिल्या दोन प्रश्नांना खरं उत्तर मिळणार नाही हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिसऱ्याला मात्र नुसती थाप मारायची म्हटली तरी आकडा लागतो, आणि विजेच्या गाडीवाल्याकडे तो नसतो. लिटरच नाही, तर ॲव्हरेज कशाचं सांगणार? एकदा मी सरळ सांगून पाहिलं, की माल भरलेला असला तर एका युनिटला चार-साडेचार किलोमीटर जाते. समोर लोह्याकडचे एक बागायतदार होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चार? चार तर आमचं ट्रॅक्टर देतंय की हो." तेव्हापासून मी "बरी देते" एवढंच सांगतो आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे वळवतो.

तुम्ही सहनशील दिसता, म्हणून सविस्तर सांगतो. चहा घ्या.

मी वह्यांचा व्यापारी. गोदाम नांदेडला, जुन्या मोंढ्याकडे. निम्मं गिऱ्हाईक नांदेडच्या शाळांचं आणि निम्मं लातूरच्या क्लासेसचं. लातूरला महाराष्ट्रभरातली पोरं डॉक्टर व्हायला येतात, आणि डॉक्टर होवोत न होवोत, वह्या भरपूर संपवतात. ही एक गोष्ट सोडली तर माझ्या धंद्यात फारसा राम नाही. तर या वह्यांसाठी मी विजेवर चालणारी मोठी बंद गाडी घेतली. पांढरी, उंच, आत माणूस थोडा वाकून उभा राहतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार बाकी सगळ्यांबद्दल आहे.

गाडी घेताना मी अभ्यास केला होता, हे नमूद करून ठेवतो. बॅटरीवरची मालवाहू गाडी ही काही कालची गोष्ट नाही. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दूधवाले बॅटरीच्या गाड्यांतून घरोघर दूध टाकायचे. पहाटे आवाज नको, दर चार घरांना थांबायचं, रस्ता ठरलेला, आणि रात्री गाडी परत डेपोत. आपल्याकडे महिंद्रानं २०१६ साली ई-सुप्रो आणली. टाटांनी २०२२ मध्ये आपल्या छोट्या हत्तीला बॅटरी बसवली. ६०० किलो माल आणि कागदावर १५४ किलोमीटर. शहरातली पार्सलं आता अशाच गाड्यांतून फिरतात. एसटीनंही १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई बस सोडली, आणि पुणे-नगर म्हणजे नांदेड-लातूरपेक्षा थोडं कमीच. मी म्हटलं, मग आपल्याला काय अडचण? एसटीला डेपो आहे, इंग्लंडच्या दूधवाल्याला डेपो होता, आणि दोघांनाही मेव्हणा नव्हता, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

डिझेलच्या गाडीभोवती एक व्यवस्था होती, ती आधी समजून घ्या. मागणारा गाडी मागायचा. मालक म्हणायचा, "गाडीत डिझेल नाही." हा नकार नसायचा, ही निविदा असायची. मागणारा "टाकून घेतो की" म्हणाला तर व्यवहार पुढे सरकायचा. "बरं बरं, बघू" म्हणाला तर विषय तिथंच संपायचा. कुणाचा अपमान नाही, कुणाच्या घरी बोलणं बंद नाही. परत लावताना काटा नेला होता त्याच्या थोडा वर ठेवायचा, ही सभ्यता. रिझर्व्हवर आणून लावणाऱ्यांची नोंद घरोघर असायची आणि सोयरिकीच्या वेळी ती निघायची. शिवाय नांदेड-परभणी हे इंधनाच्या बाबतीत मानाचे जिल्हे. राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग कुठं, तर बहुतेक वेळा आमच्या दोघांतच चुरस. त्यामुळे "डिझेल टाकून न्या" या शब्दांना आमच्याकडे जे वजन होतं ते पुण्याला नसेल.

विजेच्या गाडीनं ही घडी पार विस्कटली. मेव्हणा सिडकोत राहतो. रविवारी सकाळी येतो, चहा घेतो, गाडीभोवती एक फेरी मारतो.

"दाजी, गाडी उभीच हाय ना आज?"

"चार्जिंग नाही."

"मग लावा की. घरचीच लाइट हाय."

"बिल येतं."

"येऊन येऊन किती येणार? करंटवर तर चालते, तुमचं काय जातंय?"

काय जातंय, हे मी वहीत मांडून ठेवलेलं आहे. वह्यांना तोटा नाही. तिशीच्या आसपास युनिटांची बॅटरी, घरच्या मीटरवर युनिट दहा-बारा रुपयांना. पूर्ण भरायला साधारण तीन-साडेतीनशे रुपये. डिझेलच्या गाडीला तेवढ्याच अंतराला आठ-नऊशे लागले असते. आता इथं खरी गोम आहे, आणि स्वस्त इंधनाची जाहिरात करणारे ती सांगत नाहीत. आठशे रुपये मागता येतात. आठशेला एक प्रतिष्ठा आहे. तीनशे रुपये सख्ख्या मेव्हण्याकडे मागायचे कसे? मागितले तर हलका माणूस ठरतो, नाही मागितले तर दर रविवारचा बेत ठरतो. आणि समजा त्यानं स्वतःहून द्यायचे म्हटले, तरी टाकायचे कुठं? पंपावर पाचशेची नोट देऊन माणूस समोर उभं राहून आकडा फिरताना बघतो, ते पुण्य दिसतं. माझ्या घरचं बिल महिन्याने येतं, त्यात फ्रीज, पंखे, मिक्सर आणि मेव्हणा सगळे एका ओळीत बसलेले असतात.

बरं, घरचीच लाइट म्हणावी, तर ती गल्लीची झालेली आहे. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी भरायला अख्खी रात्र लागते. गेटमधून काळी जाड वायर येते आणि गाडीच्या नाकात जाते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे गल्लीत व्होल्टेज उतरलं की लोक आधी पंख्याकडे बघतात आणि मग माझ्या गेटकडे. पलीकडच्या काकूंचं मिक्सर हळू फिरलं, त्याचं स्पष्टीकरण मला मागण्यात आलं. मे महिन्यात डीपी जळाली. नांदेडला मे महिन्यात डीपी जळणं ही माझ्या जन्माच्या आधीपासूनची परंपरा आहे, पण त्या रात्री लोक गच्चीवरून ज्या शांततेनं माझ्याकडे बघत होते, ती चौकशी समितीची शांतता होती. एकानं विचारलंच, "गाडीतून उलटा करंट घेता येत न्हाई का? निदान आमचे मोबाईल तरी." माझ्या गाडीत ती सोय नाही. त्यांना वाटलं, असूनही देत नाही.

आणि वीज म्हणजे तरी काय? आमच्या शेजारी परळी. तिथं कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, आणि फिरत फिरत त्यातलं काही माझ्या सॉकेटपर्यंत येत असेल. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे ज्या माणसानं पावसाच्या भरवशावरची शेती नको म्हणून वह्यांचा धंदा धरला, त्याची गाडी फिरून पावसावर आली. कुठं दाद मागायची?

आता भूगोलाकडे येतो. हा अन्याय सगळ्यात मोठा आहे आणि याची अजून कुठल्याच अधिवेशनात चर्चा झालेली नाही. नांदेड गोदावरीच्या काठाला आहे आणि लातूर बालाघाटाच्या पठारावर. शाळेत हा दोन गुणांचा प्रश्न होता, तो मी ऑप्शनला टाकला होता. आता त्याचं उत्तर मी दर खेपेला डॅशबोर्डवर वाचतो. राष्ट्रीय महामार्ग ३६१. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, लातूर. एकशेचाळीसच्या आसपास किलोमीटर. जाताना एकूण चढ, येताना एकूण उतार.

विजेच्या गाडीचं एक वैशिष्ट्य असं, की उतारावर पाय काढला की मोटर उलट काम करायला लागते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. गाडी जेवढी जड, तेवढी परतफेड जास्त. शास्त्र म्हणून उत्तम आहे. पण माझी गाडी चढते तेव्हा वह्यांनी खच्चून भरलेली असते आणि उतरते तेव्हा रिकामी. कागदाइतकं जड काही नसतं, हे ज्यानं दोनशेपानीचा गठ्ठा उचलला आहे त्याला विचारा. म्हणजे खर्च पूर्ण वजनाचा, परतावा रिकाम्या गाडीचा. हाच धंदा लातूरच्या माणसानं नांदेडला वह्या विकून केला असता, तर भरलेली गाडी उतरत आली असती, येता येता कमावत आली असती. लातूरचा माझा एक प्रतिस्पर्धी नेमकं हेच करतो. तो डिझेलच्या पिकअपमध्ये करतो, त्यामुळे त्याला आपण किती भाग्यवान आहोत ते माहीतच नाही. अशा माणसांच्या वाट्याला उतार येतो.

कंपनीचा कागद म्हणतो दीडशेच्या वर. तो कागद ज्या रस्त्यावर तयार झाला तिथं चढ नसावा, ऊन नसावं आणि वह्या तर नक्कीच नसाव्यात. भरलेली गाडी चढावर शंभर-एकशेदहाला दम टाकते. एप्रिलमध्ये एसी लावला तर त्याच्याही आधी. मग एसी बंद करून, खिडक्या उघडून, बेचाळीस डिग्रीत मी पर्यावरणाचं रक्षण करतो. समोरून डिझेलचा पिकअप काचा वर करून जातो, आत गाणी चालू असतात. म्हणजे वाटेत एकदा चार्जिंग आलंच.

चार्जिंगच्या यंत्राला मी नावं ठेवत नाही. ते उभं असतं. मोबाईलच्या नकाशावर ते हिरवंही असतं. तुम्ही गाडी लावता, जाड वायरची बंदूक काढता, ॲप उघडता. ॲप म्हणतं, आधी पैसे भरा. दर कंपनीचं ॲप वेगळं, त्यामुळे माझे शंभर-दोनशे रुपये या मार्गावर निरनिराळ्या पाकिटांत कायमचे वस्तीला आहेत. लोक शेतजमिनी ठेवतात तसे मी ठेवलेले आहेत. पैसे भरले की ओटीपी येतो. ओटीपीला रेंज लागते. रेंज रस्त्याच्या पलीकडे, टपरीजवळ असते. तिथं जाऊन ओटीपी वाचून परत येईपर्यंत त्याची मुदत संपते. मग पंपावरचं पोरगं खुर्चीवरूनच विचारतं, "काय करूलालाव मामा?"

"चार्जिंग."

"ते बंद हाय की."

"नकाशावर चालू दाखवतंय."

"नकाशावर चालूच हाय ते," पोरगं म्हणतं. त्याला कशाचाही विरोधाभास वाटत नाही. मलाही हल्ली वाटेनासा झालाय.

एकदा असंच नकाशावर चालू असलेलं यंत्र प्रत्यक्षात बंद निघालं आणि शिरूर ताजबंद ओलांडून चाकूरच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. डिझेलची गाडी बंद पडते तेव्हा आधी खोकते, धक्के देते, निरोप घेते. ही एकदम गप्प झाली. पाच-सात माणसं जमली. मराठवाड्यातली माणसं मदतीला कधी मागं राहत नाहीत, आणि तीच अडचण झाली. एकजण खरोखर पाच लिटरचं कॅन घेऊन मोटारसायकलवर निघाला. त्याला थांबवून सांगितलं, की डिझेल नको, करंट लागतो. तो कॅनकडे बघत राहिला. धोतरातले एक म्हातारबाबा म्हणाले, "टँकर मागवा मग. लातूरला पाणी रेल्वेनं आलतं, करंट का न्हाई येणार?" २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याच्या रेल्वेगाड्या आल्या, हे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. ज्या जिल्ह्याला पाणी रेल्वेनं मिळतं तिथल्या म्हाताऱ्याला अशक्य असं काही वाटत नाही. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून नेलं. डिझेलचा ट्रॅक्टर. चार किलोमीटर देणारा असेल बहुतेक.

यंत्र चालू असलं तर वेगळा छळ. तासभर थांबावं लागतं. तासभर माणसानं करायचं काय? शेजारी हॉटेल असतंच. आधी चहा, मग भजी, मग "गरम हायेत" म्हणून पुन्हा भजी. गाडी साठ रुपयांचा करंट खाते तोवर मी दीडशेचे पदार्थ खातो. डॉक्टरांनी विचारलं, वजन कशानं वाढतंय? मी म्हटलं, प्रदूषणमुक्त वाहतुकीनं. त्यांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली.

असा रखडत मी लातूरला पोहोचतो आणि गंजगोलाईत शिरतो. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात अशी बाजारपेठ आहे ती, आणि सोळाही रस्त्यांवरची माणसं एकमेकांच्या आवाजावर चालतात. मागं इंजिन घुरघुरलं की लोक न बघता बाजूला होतात; पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. माझी गाडी आवाज करत नाही. त्यामुळे मी कुणाच्या तरी पाठीमागं, हातभर अंतरावर, दीड-दोन टनांचं मौन घेऊन उभा असतो आणि ते गृहस्थ हळदीचा भाव करत असतात. हॉर्न वाजवला तर दचकून, "अहो, अंगावर घालता का काय?" न वाजवला तर भाव संपेपर्यंत उभं राहायचं. युरोपात या शांततेचा त्रास होतो म्हणून २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला हळू चालताना मुद्दाम आवाज काढणं सक्तीचं केलं आहे. म्हणजे पन्नास वर्षं खपून इंजिनाचा आवाज घालवला, आणि मग कायदा करून परत बसवला. आपल्याकडे मी हमालाला पुढे चालवतो. तो "चला, चला, बाजू" ओरडतो. त्याचा खर्च तीनशेच्या हिशेबात धरलेला नाही.

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. फार केलं आहे. गाडीला हिरवी पाटी दिली, धंद्याची म्हणून त्यावर पिवळी अक्षरं. त्या पाटीकडे बघून मला अजून विचारतात, "वनखात्याची का?" २०१८ पासून अशा गाड्यांना परमिट लागत नाही. पीयूसी तर लागतच नाही, कारण धूर काढायला नळीच नाही. हे सगळं कागदावर उत्तम. पण रस्त्यात कुणी अडवून "पीयूसी दाखवा" म्हटलं आणि आपण "नाही" म्हटलं, की समोरच्या चेहऱ्यावर एक आशा उगवते. मग "परमिट?" "नाही." आशा मोठी होते. मग मी नियम सांगतो आणि ती मावळते. एखाद्याला इतकं उभारी देऊन असं निराश करणं माझ्या स्वभावात नाही, पण करावं लागतं.

मग आलं राज्याचं २०२५ चं विद्युत वाहन धोरण. ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असं त्यात आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा अहमदपूरचा भजीवाला गंभीर झाला, त्याला स्पर्धा वाटली. त्याच धोरणात टोलमाफी आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी. ऑगस्ट २०२५ पासून ती अमलात यायला लागली. तीन रस्ते, आणि तिन्हींपैकी एकही नांदेडहून लातूरला जात नाही. मी म्हटलं, हरकत नाही, कधी मुंबईला वह्या न्यायची वेळ आली तर. पुढं वाचलं. माफी प्रवासी मोटारींना आणि बसगाड्यांना आहे. मालवाहू गाडीला नाही. नीट लक्षात घ्या. जो लोणावळ्याला भुट्टा खायला जातो त्याला माफ, आणि जो पोरांच्या वह्या घेऊन जातो त्यानं टोल भरायचा. कामापेक्षा फिरणं पवित्र, हे आता शासनमान्य झालं आहे. माझा मेव्हणा हे आधीपासून म्हणत होता.

फिरण्याचंही सांगतो, पण त्याआधी गणपती. आमच्या भागातल्या मंडळाची पोरं आली. "काका, विसर्जनाला गाडी पाहिजे. यंदा पर्यावरणपूरक थीम हाय." कुणी पर्यावरण म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही, हिरव्या पाटीनं तेवढं बांधून ठेवलेलं आहे. त्यांनी आधी गाडीला करंट घ्यायचं भोक कुठं आहे ते शोधलं. त्यातून डीजे वाजवायचा विचार होता. भोक निघालं नाही. मग त्यांनी स्वतः तोडगा काढला. माझ्या विजेच्या, बिनधुराच्या, बिनआवाजाच्या गाडीवर डीजेच्या भिंती रचल्या आणि त्या भिंतींमागं डिझेलचा जनरेटर बसवला. पुढं फलक: "प्रदूषणमुक्त मिरवणूक." रात्री उशिरापर्यंत गाडी गोगलगाईच्या गतीनं सरकत होती, जनरेटर काळा धूर सोडत होता आणि घराघरांच्या काचा थरथरत होत्या. सगळ्या मिरवणुकीत एकटी माझी गाडी तेवढी शांत होती. सकाळी पोरांनी गाडी आणून लावली आणि डॅशबोर्ड दाखवला. "बघा काका, फक्त सहा टक्के गेलेत. तुमचं काय जातंय?" चार्जिंगचं झाकण उघडलं तर आत गुलाल. पिनांच्या भोकांत, रबराच्या कडेला, सगळीकडे. दात घासायच्या ब्रशनं मी दोन तास तो काढत होतो. अजूनही कधी कधी चार्जरच्या टोकाला गुलाबी लागतं.

मेव्हण्याचं फिरणं यापेक्षा वरच्या दर्जाचं आहे. त्यानं मोबाईलवर नॉर्वेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले आहेत. ती माणसं विजेच्या मोठ्या गाडीत गादी टाकतात, तळ्याकाठी थांबतात, मागचं दार उघडून कॉफी पितात. मेव्हण्याचं म्हणणं, राज्य सरकारनंच २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, मग आपण मागं का? मी त्याला समजावलं, की गाडीची नोंद मालवाहू म्हणून आहे, तिच्यात माणसं बसवता येत नाहीत, आणि आतली रचना बदलायची तर आरटीओची परवानगी लागते. त्यावर बायको म्हणाली, "माणसं मागनं येतील क्रूझरनं. गाडीत नुसत्या गाद्या न्यायच्यात." म्हणजे विजेच्या गाडीतून गाद्या, आणि गाद्यांवर झोपणारे डिझेलच्या गाडीतून. सहस्रकुंडला धबधबा बघायला असा ताफा निघाला. गाद्या ओल्या झाल्या. परत आल्यावर त्या माझ्या गाडीतच वाळत घातल्या, कारण गाडी उंच आहे, आत हवा खेळते. सोमवारच्या वह्यांना भज्यांचा आणि ओल्या कापसाचा वास होता. शाळेच्या मुख्याध्यापकांनी काही विचारलं नाही, फक्त एक वही नाकाजवळ नेली.

यानंतर मी नियमावली केली. शेवटी व्यवस्था कुणीतरी उभारावी लागते. डिझेलचा काटा होता तसा इथं टक्का आहे. जेवढ्या टक्क्यांवर गाडी न्याल तेवढ्यावर आणून द्याल. कमी भरली तर दर टक्क्याला चार रुपये. चार यासाठी, की तीन मागायला लाज वाटते आणि पाचला लोक व्यापारी म्हणतात. एका वहीत नोंद, नेणाऱ्याची सही, वेळ. बायकोनं वही वाचली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पण नियम लागू झाला.

मागच्या पौर्णिमेला मेव्हणा रेणुकामातेचं सामान घेऊन माहूरला गेला. रीतसर सही केली. तिथं मुक्कामाच्या ठिकाणी एका सॉकेटवर गाडी रात्रभर लावून ठेवली, याबद्दल त्यानं काही सांगितलं नाही, पण मी ओळखलं. परत आला तेव्हा नोंदीपेक्षा आकडा बराच खाली होता. मी वही काढली, टक्के मोजले, चारनं गुणले. त्यानं खिशातून एक कागद काढला. गड उतरताना बॅटरी एकेचाळीसची त्रेचाळीस झाली होती, त्याचा त्यानं डॅशबोर्डसकट फोटो काढून ठेवला होता. हे दोन टक्के आपण स्वतः, ब्रेक न मारता, जपून गाडी उतरवून कमावले. ते दाजींच्या बॅटरीत जमा झाले. सबब आठ रुपये आपल्याला मिळावेत, आणि पुढच्या वेळेपासून उताराचं उत्पन्न चालवणाऱ्याच्या नावे धरावं, असा अर्ज आहे. खाली साक्षीदार म्हणून माझ्या बायकोची सही आहे.

अर्ज विचाराधीन आहे. तो माझ्याच दुकानातल्या दोनशेपानी वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला आहे, तेव्हा आधी त्या पानाचे पैसे वळते करून घेईन आणि मग काय ते बघू.